मोठ्या आवाजाच्या घरी चार दिवस

आमच्या ह्यांचा आवाज साताऱ्यापर्यंत नाशिकचा असतो. कराड मागे पडलं की तो चढायला लागतो, आणि पंचगंगेच्या पुलावर गाडी आली की शेजारी बसलेल्या मला ते असं सांगतात, जणू मी पलीकडच्या काठावर धुणं धुतेय. "बघ, पंचगंगा आली!" अहो, दिसतेय की मला! मी सगळी नोकरी वाचनालयात काढलेली बाई. 'शांतता राखा' ही पाटी इतकी वर्षं डोक्यावर टांगलेली होती, ती हळूहळू घशात उतरली. माझी हाक घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत पोचत नाही. कोल्हापुरात तर माझं बोलणं म्हणजे लोकांना कुजबुज वाटते.

वाचनालयाची आणखी एक खोड अंगात मुरली आहे. आरोग्यावरचं नवं संशोधन कुठं छापून आलं की ते वाचायचं आणि घरात लागू करायचं. जेवल्यावर लोळू नका, जरा चाला, म्हणजे रक्तातली साखर एकदम चढत नाही. ताटातली कोशिंबीर-भाजी आधी, भात मागून. झोपायची वेळ रोज बदलू नका. एकट्यानं जेवू नका. हे मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात, आणि माझी पाठ वळली की भात आधी खातात.

तर आम्ही कोल्हापूरला गेलो, पण हौसेनं नाही. ह्यांची थोरली बहीण कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला असते. मी त्यांना वन्सं म्हणते, हे आक्का म्हणतात. दाजी जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या, त्यांचा मुलगा सर्जेराव, सून गिरिजा आणि दोन म्हशी. त्या सर्जेरावचा फोन आला होता.

"मामा, आईचं डोकं काम करंना झालंय. सांगितल्यालं ध्यानात ऱ्हात न्हाय. कुकर तसाच गॅसवर. परवा फोन वाजून वाजून बंद पडला, शेजारी बसली हुती. म्हसरं इकायची ठरवल्यात, रविवारी यापारी येणार हाय. एकदा यवून जावा."

फोन ठेवल्यावर ह्यांनी त्या दिवशी भाताला हातच लावला नाही. कारण मला ठाऊक होतं. माझ्या सासूबाईंचं शेवटी असंच झालं होतं. ज्या मुलाला अंगाखांद्यावर वाढवलं, त्याला त्या शेवटची दोन वर्षं 'पावणं' म्हणून हाक मारायच्या. "बसा पावणं, च्या घ्या." हे बाहेर जाऊन रडायचे. आता तेच आक्कांच्या वाट्याला येतंय की काय, ही धास्ती घेऊन आम्ही निघालो. मी बॅगेत अक्रोड भरले आणि शब्दकोड्यांचं एक पुस्तक टाकलं. मेंदूला चालना म्हणून.

गडमुडशिंगी, गुरुवार

"आलासा व्हय! या की! उनाचं कशाला उभं ऱ्हायलाय?"

वन्सं फाटकातच उभ्या होत्या. उंच, काटक बाई, हिरवं लुगडं, आणि आवाज असा की कोपऱ्यावरची कुत्री उठून बसली. चहा व्हायच्या आत त्यांनी नाशिकची सगळी हजेरी घेतली. आमचा मुलगा, कांद्याचा भाव, आमच्या शेजारणीचा गुडघा. "डावाच की गं तो?" मला आठवेना. घरी फोन लावून विचारलं, तर डावाच. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. विसरायला लागलेली बाई ही?

पण थोड्या वेळानं त्या फडताळाशी उभ्या असताना मी म्हणाले, "वन्सं, जरा पाणी देता?" तर त्या सरळ चालत्या झाल्या. मी पाणी न पिता तशीच बसले. चोवीस तास आग्रह करणारी बाई प्यायला पाणी देत नाही म्हणजे काय!

गिरिजेनं तांब्या आणून दिला. पोरगी निपाणीकडची, तिकडं सासूला अत्ती म्हणतात. बोलणं मऊ, कानडी वळणाचं. ती हळूच म्हणाली, "बघितलंत न्हवं, मामी? माझ्याशी तर रोज असंच. अत्तींना मी आवडत नाही बहुतेक. लग्नाला पाच वर्षं झाली, पण माझ्या बोलण्याला उत्तर असं कधी मिळत नाही."

रात्रीच्या जेवणाचं काय सांगू! मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, ज्वारीच्या भाकरी आणि परातभर कांदा. आमच्याकडे नाशिकला 'नको' म्हटलं की वाढणारा पुढच्या पानाकडे जातो. कोल्हापुरात 'नको' ही नुसती सुरुवात असते. मी नियमाप्रमाणे आधी काकडी-कांदा खायला घेतला, तर वन्सं ओरडल्या, "ही काय शेळी हाय व्हय रं, पाला खायला? वाढ तिला रस्सा!" वाढला. प्यायले. नाकातून पाणी आलं, पण पांढऱ्या रश्शानं ते परत जागेवर गेलं. मी मनातल्या मनात सगळ्या संशोधकांची माफी मागितली आणि आणखी एक वाटी घेतली.

गडमुडशिंगी, शुक्रवार

सकाळी कळलं की माझे अक्रोड लाडक्या चंद्री म्हशीच्या आंबोणात, भिजवलेल्या खुराकात गेले. वन्संचं म्हणणं, "चंद्रीला बी आठवण नको व्हय ऱ्हायाला?" हे पोट धरून हसले. मी नाही हसले. महागामोलाचे होते.

सर्जेराव कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्रेस मशीनवर असतो. दिवसभर धडाधडा आवाज, त्यावर ओरडून बोलायचं, आणि तीच पट्टी घेऊन घरी यायचं. तो कामाला गेल्यावर घर जरा शांत झालं. वन्सं स्वयंपाकघरात लसूण सोलत बसल्या. गॅसवर डाळीचा कुकर. शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी, चौथी. वन्सं लसूण सोलतायत. पाचवी. सहावीला परसातून गिरिजा पदर खोचत धावत आली आणि तिनं गॅस बंद केला. वन्संनी दचकून वर बघितलं.

विसरलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला आहे, माझ्या सासूबाईंचाच. तो चेहरा हरवलेला असतो. वन्संचा चेहरा हरवलेला नव्हता. पाठीमागून अचानक कुणी आलं की माणूस दचकतं, तसा होता. माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

त्या गोठ्यात गेल्या तशी मी मागोमाग गेले. त्या पाठमोऱ्या होत्या, चंद्रीपुढं वैरण टाकत होत्या. मी चार पावलांवर उभी राहिले आणि माझ्या वाचनालयाच्या आवाजात म्हणाले, "वन्सं, तुमच्या भावाला मी उद्या सोडचिठ्ठी देणार आहे."

काही नाही. वैरण चालू.

"आणि तुमची ही चंद्री दिसायला अगदीच सुमार आहे."

तरी काही नाही! चंद्रीला सुमार म्हटलेलं वन्संनी ऐकून घेतलं असतं? माझी वेणी धरून मला उकिरड्यावर नेऊन बसवलं असतं. तेवढ्यात मागच्या खुंट्याची दुसरी म्हैस घशातल्या घशात हुंकारली, आणि वन्सं तत्काळ वळल्या. "आलो गं, आलो!" इकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो-गेलो' म्हणतात, मला ते फार आवडतं. पण त्या दिवशी आवडून घ्यायला सवड नव्हती. मी तशीच ह्यांच्याकडे पळाले.

वाचलेलं सगळं आठवलं होतं. वयानं कान जायला लागले की सगळे आवाज एकदम जात नाहीत. बारीक, चढे आवाज आधी जातात. कुकरची शिट्टी, फोनची घंटी, पाखरं, मऊ बोलणारी बाई. म्हशीचा हुंकार आणि पुरुषांचा भरदार आवाज मागं राहतो. म्हणून आपले कान गेलेत हे त्या माणसालाही कळत नाही.

"आक्का आणि बहिरी?" हे म्हणाले. "कायतरीच! काल जेवल्यावर तासभर बोलत बसलो की आम्ही!"

"तुम्ही बोलत नव्हतात. तुम्ही दोघं ओरडत होतात."

दुपारी पाळी संपवून सर्जेराव आला. त्याचंही तेच. "माझं समदं ऐकू येतंय की तिला, मामी."

"बाळा, तुझं बोलणं उजळाईवाडीच्या विमानतळावर ऐकू येत असेल."

दुसऱ्या कुठल्या गावात ही गोष्ट सहा महिन्यांत कळली असती. माणसं साध्या आवाजात बोलली असती, म्हातारीनं 'काय?' म्हणून विचारलं असतं, आणि कुणीतरी म्हणालं असतं, अगं, कान तपासून घे. इथं मुळात बोलणंच शेताच्या या बांधावरून त्या बांधावर. कान कधी गेले ते कुणाला पत्ताच नाही. ज्या एका माणसाचं बोलणं हळू, ती सून. आणि तिला वाटलं, सासूला आपण नकोशा झालो.

सर्जेराव खाली मान घालून बसला होता. "मामी, आई जड झाली म्हणून म्हसरं इकत न्हाय. मला भ्या वाटतंय. म्या कामावर, आन हिकडं एखांदिवशी गॅस, न्हायतर म्हशीनं ढुसणी मारली म्हंजे? आज्जीचं बगितलंय की म्या."

"उद्याचा दिवस मला दे," मी म्हणाले. "कान तपासू. रविवारचं रविवारी."

रंकाळा, शुक्रवार संध्याकाळ

गावात फिरायला म्हणून वन्संना बाहेर काढलं. आधी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. इथं म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. हौशी माणसं उभ्या उभ्या पितात. मी म्हटलं, कच्च्या दुधातून जंतू जातात, उकळून प्यावं, यात नवं-जुनं सगळं संशोधन एकमतानं बोलतं. ह्यांनी मिशीला फेस लावत दुसरा ग्लास मागितला. "नाद खुळा!" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पोटानंही तेच म्हटलं. मी नुसतं बघितलं, आणि तेवढं पुरलं.

रंकाळ्यावर हे भेळेच्या गाड्याकडे गेले आणि आम्ही दोघी कट्ट्यावर बसलो. वारं छान सुटलं होतं, पाण्यावर उजेड पसरला होता. मी वन्संच्या समोर तोंड करून बसले, सावकाश, ओठ दिसतील असं बोलले. "वन्सं, तुम्हाला कमी ऐकू येतं. उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग बोलल्या ते त्यांच्या मानानं फारच हळू.

"कानाचं न्हवं गं शैले. आईचं झालं तेच व्हायलंय मला. पोरं मला काय काय सांगत्यात, मी व्हय व्हय म्हणतो. सारखं सारखं काय इच्यारायचं, वंगाळ दिसतंय. मग दुसऱ्या दिवशी म्हणत्यात, आई, काल सांगितलं की तुला, इसरलीस व्हय? मला तर सांगितल्यालंच आठवत न्हाय. भ्या वाटतंय बघ. म्हशी जाऊंदेत, गेल्या तर गेल्या. पर एक दिवस मी माझ्या भावाला पावणं म्हणलं तर?"

ही बाई किती दिवस हे एकटीनं उरात घेऊन हिंडत होती! जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून, हे कुणीतरी हिला सांगायला हवं होतं.

"वन्सं, तुम्ही विसरलेल्या नाही. तुम्हाला ते ऐकूच आलं नव्हतं."

"आन मशीन लावून गावात हिंडू? बहिरी म्हणत्याल लोकं मला!"

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी कट्ट्यावरून उठले, छाती भरून श्वास घेतला आणि जन्मात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले. "आत्ता तुम्हाला खुळी म्हणतायत! ते चालतं का?"

अख्खा रंकाळा माझ्याकडे बघायला लागला. भेळवाल्याचा हात डब्यातच राहिला. हे भेळेचे तीन द्रोण घेऊन जागच्या जागी उभे. लाजेनं माझे कान तापले, आणि घसा दुखायला लागला तो वेगळाच.

वन्सं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि एकदम खदाखदा हसायला लागल्या. "आगं बया! तुला आवाज हाय व्हय?" मग पदरानं डोळे पुसले. हसून आलेलं पाणी होतं की दुसरं कसलं, मी विचारलं नाही. "चल. उद्या जाऊ," म्हणाल्या. "पर भेळ खाऊन."

कोल्हापूर, शनिवार

सर्जेरावनं सुट्टी टाकली. शहरातल्या एका दवाखान्यात आम्ही पाचही जणं गेलो. कोल्हापूरकर दवाखान्यातही लग्नाला गेल्यासारखे जातात. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी आधी कान आतून बघितले, मग वन्संना काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. आम्ही काचेतून बघत होतो. वन्सं पहिल्यांदा बटण दाबत होत्या, अगदी जोरात, शेतातली मोटार चालू करावी तसं. मग मध्येच हात थांबला. बटणावर अंगठा ठेवून त्या वाट बघत बसल्या. पलीकडे बाई आवाज वाढवत होत्या, आणि वन्सं वाटच बघत होत्या. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

त्यानंतर दुसऱ्या खोलीत स्मरणशक्तीची साधी तपासणी. डॉक्टर समोर बसून स्वच्छ, मोठ्यानं विचारत होत्या. वार कुठला, महिना कुठला, हे शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून दाखवा. वन्संनी सगळं सांगितलं, वर डॉक्टरांचं माहेर कुठलं तेही काढून घेतलं.

"स्मरणशक्ती त्यांच्या वयाच्या मानानं चांगली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जे आहे ते कानांचं आहे, दोन्ही कानांचं, आणि आजकालचं नाही. घरात हळू बोलणारं कुणी नाही का? केव्हाच लक्षात आलं असतं."

आम्ही सगळ्यांनी गिरिजेकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. सर्जेरावनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, आपल्या आईदेखत, भर दवाखान्यात.

मी न राहवून विचारलं, कमी ऐकू येण्याचा आणि विसरण्याचा संबंध असतो असं वाचलंय, ते खरं का? डॉक्टर म्हणाल्या, "संबंध दिसतो. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं टाळतं, एकटं पडतं, मेंदूला काम कमी मिळतं. यंत्र लावल्यानं विसरणं येणारच नाही, असं मी सांगणार नाही. ज्यांना धोका जास्त त्यांची घसरण सावकाश होते, असं काही अभ्यासांत दिसलंय. दर वर्षी तपासत राहू. पण त्यांनी माणसांत राहावं, आवडीचं काम करावं. म्हशी आहेत म्हणता ना? असू द्या की." मग सर्जेरावकडे वळून, "आणि तुम्ही मशीनवर असता ना? कानात बोळे घालत जा. नाहीतर पुढचा नंबर तुमचा."

घालून बघायला म्हणून दोन्ही कानांना यंत्रं दिली. वन्संनी आधी तोंड वाकडं केलं, मग डोळे मोठे केले. बाहेर रस्त्यावर आल्या आणि दोन्ही हात कानावर ठेवून उभ्याच राहिल्या. "आरं, किती ह्यो दंगा! कोल्लापूर असं हाय व्हय?" गाडीत सर्जेरावनं व्यापाऱ्याला फोन लावला. "हालो! उद्या येऊ नगासा! म्हसरं न्हाय इकायची! न्हाय म्हणतोय की!"

मागून त्याच्या पाठीत धपाटा बसला. "हळू की रं मुडद्या! कान फुटलं माझं."

हे इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. हसता हसताच त्यांनी खिशातून रुमाल काढला, खिडकीकडे तोंड केलं, आणि आक्कांनी धाकट्या भावाच्या केसांवरून हात फिरवला.

घरी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गिरिजा भाकरी करायला चुलीपुढं बसली. चुलीवरच्या भाकरीची सर गॅसवरच्या भाकरीला नाही, यावर त्या घरात दुमत नाही. मी आणि वन्सं उंबऱ्याशी शेंगा फोडत बसलो. वन्सं एकेक आवाज चाखून बघत होत्या. शेंग फुटली की बघायच्या, चूल तडतडली की बघायच्या. "टरफलाला बी आवाज असतोय," मला म्हणाल्या.

थोड्या वेळानं त्यांचा हात शेंगेवरच थांबला. त्या स्वयंपाकघराकडे बघायला लागल्या. परातीत पीठ मळता मळता गिरिजा गुणगुणत होती. माहेरचं कानडी गाणं असावं, मला शब्द कळले नाहीत. आवाज बारीक, गोड, भाकरी थापताना हाताच्या ठेक्यानं हलणारा.

"ही गाती?" वन्संनी मला विचारलं.

मी बाजूला टेकलेल्या सर्जेरावकडे बघितलं. तो म्हणाला, "रोजच की आई. भाकरी करताना रोज. लगीन झाल्यापासनं."

वन्सं उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीपुढं, सुनेच्या अगदी शेजारी, जमिनीवर बसल्या. गिरिजा दचकून गप्प झाली. पीठ लागलेल्या हातानंच पदर सावरायला लागली.

"थांबू नगंस," वन्सं म्हणाल्या. आणि त्या घरात मी पहिल्यांदा त्यांचा असा आवाज ऐकला, माझ्यापेक्षाही हळू. "पयल्यापासनं म्हण. पाच वर्सांचं ऐकायचं ऱ्हायलंय माझं."